मल्लूचा कायदा

पीठ अजून कापडी नळीतून डब्यात पडत होतं, तेवढ्यात अफताबभाईंनी मल्लूला विचारलं, "काय मल्लूबाई, मग जाणार म्हणं बेळगावला?" त्यात विचारू नये असं काही नव्हतं. गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की शिवांजलीच्या नवऱ्याची बदली बेळगावला झाली आहे, क्वार्टर मिळालं आहे, आणि महिनाअखेरीला सामान हलणार आहे. मल्लू शिवांजलीशेजारी डब्याच्या कडेला बोट लावून उभी होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "मी न्हाई. काका आन ह्या जाणार. मला न्हेता येत न्हाई. माझ्यासाठी कायदा हाय." हे तिनं रडत सांगितलं नाही, तक्रारीनंही नाही. नवा फ्रॉक कुणी बघितला नाही म्हणून पोर जसं मुद्दाम समोर येऊन उभं राहतं, तसं सांगितलं. अफताबभाईंना ऐकू गेलं नसेल असं वाटून तिनं गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून पुढचंही सांगितलं. "आमच्या वर्गात कुणालाच न्हाई. मला एकटीलाच हाय." अफताबभाईंनी पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावल्या. "आसं व्हय. मग तू मोठीच आसामी हायस की गं." आणि मग पट्टा काढून, गिरणी बंद करून, त्या अचानक आलेल्या शांततेत ते शिवांजलीला म्हणाले, "वैनी, लय वाईट वाटत आसंल न्हवं. तुमच्या हातात तरी काय हाय म्हणा." शिवांजली म्हणाली, "व्हय की, काय करणार," आणि डबा उचलला. पीठ गरम होतं. पत्र्यातून ती ऊब तिच्या कमरेला लागली आणि घरी पोचेपर्यंत लागतच राहिली.

शब्द तिचेच होते. नुसते शब्द नव्हेत, 'कायदा' म्हणताना मान किंचित वाकडी करायची, जणू कायदा म्हणून कुणीतरी शेजारच्या खोलीत झोपलंय आणि त्याला जागं करायला नको, ती लकबही तिचीच होती. पंधरवड्यापूर्वी भाकरी थापता थापता तिनं मल्लूला ते सांगितलं होतं, मान वर न करता. बेळगाव म्हणजे दुसरं राज्य, तुला दुसऱ्या राज्यात न्यायचं नाही असा तुझ्यासाठी कायदा आहे, आम्ही आलो की भेटू. मल्लूनं तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत विचार केला आणि विचारलं, "फकस्त माझ्यासाठी?" शिवांजली म्हणाली, हो, फक्त तुझ्यासाठी. त्यावर पोरीला वाईट वाटायचं सोडून ऊर भरून आला असेल, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. आई मेलेली, बाप ऊसतोडीला गेला तो परतलाच नाही, जतच्या पलीकडच्या वस्तीवर म्हाताऱ्या आजीनं जमलं तोवर सांभाळलं आणि मग दोन्ही डोळ्यांनी दिसेना तेव्हा सरकारच्या हवाली केलं. एवढ्या आयुष्यात खास तिच्यासाठी म्हणून कुणी काही केलेलं हे पहिलंच. ती तो कायदा गल्लीभर मिरवत होती. वाण्याला सांगितलं असेल, शाळेतल्या बाईंना सांगितलं असेल. शिवांजलीनं डबा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिला भर उन्हात रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्याकडे निरखून बघतोय असं वाटलं.

कारण असा कायदा नव्हता. म्हणजे होता, पण तो हा नव्हता. मल्लू तिच्याकडे दत्तक नव्हती, संगोपनाला दिलेली होती. सांगलीच्या बाल कल्याण समितीनं तसा आदेश दिला होता आणि समितीला विचारल्याशिवाय पोरीला जिल्ह्याबाहेर राहायला नेता येत नव्हतं, परराज्यात तर नाहीच नाही. एवढं खरं. पण बदलीचं कळलं त्याच दिवशी तिनं समितीवरच्या नूरजहां मॅडमना फोन केला होता. मॅडम रिटायर्ड हेडमास्तरीण, फोनवरही फळ्यावर लिहिल्यासारख्या बोलायच्या. त्यांनी सगळं नीट उलगडून सांगितलं होतं. तुम्ही आमच्याकडे अर्ज द्यायचा. आम्ही बेळगावच्या समितीला कळवायचं. त्यांचा माणूस येऊन तुमचं क्वार्टर बघेल, शेजारीपाजारी विचारेल, शाळा किती लांब आहे ते बघेल. त्यांचं आलं की आम्ही परवानगी द्यायची, मग लक्ष ठेवायचं काम त्यांचं. "राज्य बदललं म्हणून पोरगी टाकून जायची नसते हो, उशीर लागतो, पण होतं." असं म्हणाल्या होत्या. उशीर लागतो पण होतं. शिवांजलीनं फोन ठेवला, ओट्यावरचं पाणी फडक्यानं निपटलं, फडकं पिळून वाळत टाकलं, आणि तेवढ्या वेळात तिच्या मनानं ते वाक्य अर्ध्यातून मोडून टाकलं होतं.

त्याच रात्री नवऱ्याचा, शंभूराजचा, व्हिडिओ कॉल आला. तो मोबाइल फिरवून क्वार्टर दाखवत होता. दोन खोल्या, चुन्याचा नवा हात, मागच्या दारी पेरूचं झाड. "ही बघ खिडकी. हितं मल्लूची खाट बसतीया, मी टेप लावून बघितलं." खिडकीखालच्या रिकाम्या जागेवर त्यानं मोबाइल धरून ठेवला होता. फरशी, भिंत, उन्हाचा एक चौकोन. शिवांजली त्या चौकोनाकडे बघत म्हणाली, "आवं, तिला न्हाई आणता येत. दुसरं राज्य पडतं. समितीची तशी ऑर्डर हाय." मोबाइल हलला, शंभूराजचा चेहरा आला. मग म्हणाला, "ऑर्डर हाय म्हणल्यावर काय बोलायचं." संपलं. दुसरा कुणी नवरा असता तर म्हणाला असता, कोण म्हणतं, दाखव, मी बोलतो त्यांच्याशी. शिवांजलीला ठाऊक होतं की हा तसं म्हणणार नाही. कोरेगावच्या बाजूचं त्यांचं गाव, घरटी एकजण फौजेत, सासरे सुभेदार होऊन आलेले. त्या घरात भांडणं व्हायची, रुसवेफुगवे व्हायचे, वाटणीवरून चुलत्यापुतण्यांत वर्षभर अबोलाही झाला होता, पण 'ऑर्डर' म्हटलं की बोलणं थांबायचं. हळदीच्या अंगानं पोरं निघून गेली होती, बापाच्या दहाव्याला पोचली नव्हती, आणि कुणी हूं का चूं केलं नव्हतं, ऑर्डर आली होती. नवी नवरी म्हणून आली तेव्हा शिवांजलीला त्या शब्दाची चीड यायची. सोळा वर्षं तो शब्द तिच्याकडून एकेक गोष्ट काढून नेत होता. आणि आता पहिल्यांदा तिनं तो स्वतः उचलला आणि नवऱ्यावरच चालवला, आणि तो किती सोपा चालतो ते तिला दिसलं.

पुढं तर सगळं आपोआप झालं. सासूबाईंचा, चंद्राबाईंचा, गावाहून फोन आला. "आगं, सरकारचा रूल हाय तर तू काय करशील. तू लय केलंस त्या पोरीचं, पोटच्यावानी केलंस." शिवांजली रडली. ते रडं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. शेजारणी आल्या, कुणी म्हणालं देवमाणूस आहात, कुणी म्हणालं ह्या सरकारला काळीजच नाही, आणि ती पदर तोंडाला लावून खरोखरीचं रडत होती, जणू खरोखरच कुणी पोरगी तिच्या मांडीवरून ओढून नेत होतं. नूरजहां मॅडमना मात्र तिनं वेगळंच सांगितलं. आमचं बिऱ्हाड पाठीवर, उद्या परत बदली झाली तर पोरीचे हाल व्हायचे, त्यापेक्षा ती इथंच बरी. मॅडम तिकडून हूं म्हणाल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मग तिला एकदा समितीसमोर आणा. तिला विचारल्याशिवाय मला काही करता येत नाही." तिला आणण्याची वेळ आज दुपारची होती. आणि घरात डबाभर पीठ असताना शिवांजली सकाळी उठून जोंधळे दळायला गेली होती.

घरी आल्यावर तिनं मल्लूला आंघोळ घातली. केस विंचरताना मल्लू मान ताठ ठेवून बसायची, दुखलं तरी हलायची नाही. आल्यापासून तशीच. पाणी प्यायचं तरी विचारून प्यायची. पहिले कित्येक महिने तिनं शिवांजलीला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. बोलायचं असलं की समोर येऊन उभी राहायची. मग एक दिवस स्वयंपाकघराच्या दारातून हाक आली, "आवं." शिवांजली फोनवर नवऱ्याला आवं म्हणायची, ते ऐकून पोरीला वाटलं असावं, ह्या घरात माणसाला आवं म्हणतात. तेव्हापासून तेच. "आवं, भूक लागली." "आवं, वेणी सुटली." शंभूराज सुट्टीवर आला तेव्हा ते ऐकून पोट धरून हसला होता. रजेचे दिवस संपेस्तोवर तो मल्लूला खांद्यावर घेऊन कृष्णेच्या घाटावर जायचा, दोघं भडंग खात परत यायची, आणि शिवांजली दार उघडून दोघांना आत घ्यायची. तेव्हाही, दार उघडताना, तिच्या मनात एक काटा हलायचा. रजेतली एक संध्याकाळ गेली. तो काटा तिनं कधी हातात घेऊन बघितला नाही. बघितला असता तर त्याला नाव द्यावं लागलं असतं.

आता वेणी घालताना तिनं तो बघितला. एकदाच, लग्नानंतर काही वर्षांनी, दूर मध्य प्रदेशातल्या एका छावणीत तिला नवऱ्याबरोबर राहायला मिळालं होतं, उन्हाळ्यापुरतं. एक लोखंडी खाट, कॅन्टीनमधून आणलेले सहा कप. दुपारी तो सायकलवरून जेवायला यायचा, आणि सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला की तिच्या हातातलं लाटणं थांबायचं. तिथं तिला कळलं की आपला नवरा दाढी करताना शीळ घालतो. गावाकडच्या घरात त्यानं कधी घातली नव्हती, तिथं वडील ओट्यावर बसलेले असायचे. झोपेत तो डाव्या कुशीवर वळतो, वरणात मीठ कमी असलं तर बोलत नाही नुसता पाणी पितो, हे सगळं तिला तिथं कळलं. मग युनिट वर, सरहद्दीवर गेलं आणि ती परत गावी आली. त्यानंतर रजा, रजेत सासर, रजेत मिरजेचे डॉक्टर, तपासण्या, सुया. त्या डॉक्टरांसाठीच तर सांगलीत खोली घेतली होती. मूल झालं नाही. डॉक्टर थांबले तेव्हा मल्लू आली, आणि शिवांजलीनं मनापासून आणली होती, ह्यात खोट नव्हती. आता शंभूराजच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती. मग पेन्शन, मग गाव, सासूसासरे, ऊस, भाऊबंद. मधली ही दोनच वर्षं तेवढी कुणाची नव्हती. तिला ती हवी होती. सायकल टेकल्याचा आवाज आणि दाढीच्या वेळची शीळ, आणि खिडकीखाली कुणाचीही खाट नको. एवढंच. असं बाईनं मागावं यात पाप काय आहे, असं ती स्वतःला विचारी, आणि पाप मागण्यात नव्हतं हे तिला चांगलं कळत होतं. तिनं वेणीला रिबीन बांधली आणि गाठ जरा जोरात ओढली. मल्लू हलली नाही.

बाहेरच्या खोलीत काळी ट्रंक भरून पडली होती. परवा ती भरताना झाकण लागेना, कडी कोयंड्यात बसेना. शिवांजली घामाघूम झाली होती. मल्लू बराच वेळ बघत उभी होती, मग म्हणाली, "आवं, मी बसू का वर?" आणि ट्रंकेवर चढून बसली, सगळं अंग जड करून, गाल फुगवून. कडी बसली. मल्लू खाली उतरली आणि झाकणावर हात फिरवून म्हणाली, "बसली बगा." त्या ट्रंकेत तिचं एकही कापड नव्हतं. ते तिलाही दिसत होतं, तिनंच घड्या घालून दिल्या होत्या. शिवांजलीनं काल ती परत उघडली, काहीतरी राहिलं म्हणून. काही राहिलं नव्हतं.

रिक्षा पकडून त्या दोघी समितीच्या कार्यालयात पोचल्या. बाहेरच्या बाकावर अजून दोन बायका बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर तान्हं होतं. मल्लू बाकाच्या टोकाला बसून पाय हलवत होती. शिवांजलीच्या मनात आलं, आत जाऊन सरळ सांगून टाकावं. मॅडम, अर्ज लिहून घ्या, माझं चुकलं. तोंड उघडायचा अवकाश, दहा मिनिटांचं काम. मग लगेच तिला खिडकीखालचा तो उन्हाचा चौकोन दिसला आणि तिथं टेप लावून बसलेला शंभूराज दिसला, आणि तिला नवऱ्याचा राग आला, की ह्यानं आधी पोरीची खाट मापली. मग त्या रागाची लाज वाटली. मग लाजेचाही कंटाळा आला. असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे, आतून नाव पुकारलं.

नूरजहां मॅडमनी चष्मा कपाळावर सारला आणि दोघींना बसायला सांगितलं. खोलीत आणखी एक सदस्य होते, ते काही तरी वाचत होते, त्यांनी मान हलवली. मॅडमनी मल्लूला शाळेचं विचारलं, बाईंचं नाव विचारलं, पोटभर जेवतेस का विचारलं. मल्लूनं सगळ्याची नीट उत्तरं दिली. मग मॅडम तिच्याकडे न बघता शिवांजलीला म्हणाल्या, "अजून बिघडलेलं नाही. आत्ता अर्ज दिलात तर बेळगावला आजच कळवते. तोपर्यंत हिला बालगृहात ठेवू, परवानगी आली की घेऊन जा. करायचं का?" हे त्या इतकं सहज बोलल्या की शिवांजलीला आधी कळलंच नाही की हे मल्लूसमोर बोलून झालं आहे. मग कळलं. तिनं शेजारी बघितलं नाही. शेजारच्या खुर्चीवरचे पाय हलायचे थांबले होते, तेवढं तिला दिसलं. "म्हणजे न्हेता येतंय?" मल्लूनं विचारलं. तिनं मॅडमना विचारलं, शिवांजलीला नाही. "येतं की," मॅडम म्हणाल्या, "थोडा उशीर लागतो." शिवांजलीनं बोलायला हवं होतं. हे ते बोलायचं ठिकाण, हीच ती वेळ, हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आठ वर्षांची पोर शेजारी बसून हिशेब जुळवत होती. गिरणीत काय सांगितलं, वर्गात काय सांगितलं, ट्रंकेवर कशासाठी बसलो. पोरीच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसतेय हे शिवांजलीला न बघता कळत होतं.

"मग मल्लव्वा," मॅडम म्हणाल्या, "तू सांग. तुझ्या मनात असेल तेच आम्ही लिहिणार. जायचंय बेळगावला काकांकडे?"

मल्लू बराच वेळ टेबलाच्या काचेकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवून शिवांजलीकडे बघितलं. शिवांजलीला वाटलं होतं ती नजर जाब विचारेल, आणि जाब विचारला असता तर बरं झालं असतं. पण ट्रंकेची कडी लागत नसताना ती जशी बघत उभी होती, तशीच बघत होती, ह्या बाईचं कुठं अडलंय ते. मग ती मॅडमना म्हणाली, "न्हाई जायाचं. मला गाडी लागती."

"गाडी लागते?"

"व्हय. लय लागती. उलट्या हुत्यात."

मल्लूला गाडी लागत नव्हती. जतहून ती वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये मागच्या फळकुटावर बसून आली होती आणि उतरताना तिला अजून पुढं जायचं होतं. दिवाळीला कोरेगावला जाताना एसटीच्या खिडकीला नाक लावून, ताटलीभर चिवडा संपवून, साऱ्या घाटवळणांना ती खिदळत होती आणि शिवांजलीच ओकाऱ्या काढत होती. पोरीला दुसरं कारण सुचलं नाही. तिनं बघितलेलं, मोठ्या माणसांचं, कुणी हसणार नाही असं एक कारण तिनं उचललं आणि शिवांजलीच्या पुढं ठेवलं. आणि शिवांजलीला सगळ्यात आधी काय झालं असेल, तर हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा सरकावा तसं, अंगभर, थेट पायांच्या बोटांपर्यंत. मग त्या हायसं वाटण्याची इतकी किळस आली की तिला तिथंच, टेबलावर, उलटी होईल असं वाटलं. पण आधी हायसं वाटलं होतं. ते तिला कधीही खोडून काढता येणार नव्हतं.

नूरजहां मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. चाळीस वर्षं पोरांची खोटी कारणं ऐकलेली बाई. त्यांनी मल्लूकडे बघितलं, मग बराच वेळ शिवांजलीकडे, आणि अगदी हळू, दार उघडं ठेवल्यासारखं विचारलं, "लागते का हो हिला गाडी?"

मल्लू खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती. उत्तर बरोबर आलं की नाही ते बाई सांगतात तेव्हा वर्गात पोरं बसतात तशी.

"हो मॅडम," शिवांजली म्हणाली. "लय लागती."